राजाचं आसन, झाकणाची डबी

आमच्या लॅबमध्ये डबी न्यायला आलेल्या माणसाच्या हातात आधी इतिहास पडायचा, मग डबी.

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत आमची लॅब. एखादा शिलाईवाला पोटातला मुरडा दाबत यायचा, डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर मुद्दाम उलटी ठेवायचा आणि पंख्याकडे बघत म्हणायचा, "वो... डब्बी चाहिए थी." काउंटरमागे सर बसलेले. सर चिठ्ठी सुलटी करणार, तिच्यातल्या ‘स्टूल’ या शब्दावर बोट ठेवणार आणि विचारणार, "ये क्या लिखा है, मालूम है?" तो बिचारा लालबुंद. मग सर पुढे वाकून, अगदी गुपित सांगितल्यासारखं म्हणायचे, "शरमाओ मत. बहुत खानदानी शब्द है. एक जमाने में इसका मतलब था राजा का आसन."

मागे रांग खोळंबलेली. मी आतून ओरडायचे, "सर, डबी द्या हो त्यांना! अवघडलेत ते, दिसत नाही का?"

"दोनच मिनिटं, पोरी."

सरांची दोन मिनिटं म्हणजे हजारेक वर्षं. जुन्या इंग्लंडात सुरू व्हायची आणि कॅम्प पाचला येऊन संपायची.

एकदा एक सिंधी बाई आल्या होत्या, घरी पापड लाटून विकणाऱ्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "वडी मास्टर, मैं टेस्ट देने आई हूँ कि इम्तिहान?" सगळी रांग हसली. सरही हसले. पण थांबले का? नाव नको. राजापासून सुरू केलेलं डबीपर्यंत आणूनच सोडलं. जाताना मात्र त्या बाईंनी डबी ओढणीखाली लपवली नाही. सरळ हातात धरून, गल्लीतून, भाजी आणायला निघाल्यासारख्या गेल्या. हे मी दारातून बघितलं आणि तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की या म्हाताऱ्याच्या बडबडीत काहीतरी आहे. अर्थात त्यांना मी तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तीन मिनिटं झाली असती.

सर अंबरनाथच्या एका मराठी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. आमच्या डॉक्टरांनी त्यांना रिपोर्ट टाइप करायला ठेवलं, कारण आधीच्या मुलीनं एका धडधाकट गृहस्थाला रिपोर्टात गरोदर करून टाकलं होतं. तो गृहस्थ हसला, त्याची बायको हसली नाही. मग सर आले. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि हातात रेक्झिनची पिशवी, जिच्यात डबा कमी आणि शब्दकोश जास्त. काउंटरमागे चाकांची चांगली खुर्ची होती, ती त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे ढकलली आणि स्वतः रक्त घ्यायच्या खोलीतलं लोखंडी स्टूल ओढून घेतलं.

"अहो सर, पाठ भरून येईल."

"पाठ टेकली ना, की माणूस समोरच्याचं ऐकायचं सोडतो," ते म्हणाले. "तीस वर्षं स्टाफरूममध्ये बघितलंय मी."

डॉक्टर सिंधी. स्वभावानं भला माणूस, पण दिवसातून दोनदा केबिनमधून हाक यायचीच, "साईं, मास्टरजी को बोलो, रिपोर्ट छोटा, भाषण और छोटा." सर मान डोलवायचे आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी सुलटी करायचे.

तो इतिहास मी इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. इंग्रजांच्या जुन्या भाषेत बसायच्या कुठल्याही गोष्टीला स्टूल म्हणायचे. राजाचं आसन असो, धर्मगुरूचं असो, शेतकऱ्याच्या घरातलं असो, सगळं स्टूलच. जर्मन लोक तर अजूनही साध्या खुर्चीला जवळजवळ तेच म्हणतात. मग फ्रान्सकडून नवे राज्यकर्ते आले आणि येताना ‘चेअर’ घेऊन आले. चेअर मूळची ग्रीक, लॅटिनच्या घरी वाढलेली, फ्रेंचांकडून इंग्रजांच्या घरात पडलेली.

"मोठ्या घरची सून आली म्हण," सर सांगायचे. "पाठ आहे, हात आहेत, थाट आहे. ती दिवाणखान्यात बसली. आणि स्टूल बिचारं गेलं स्वयंपाकघरात. त्याची पाठ गेली, हात गेले. पुढे कोणीतरी त्याला मधोमध भोक पाडलं आणि खाली भांडं ठेवलं. आजारी माणसांची सोय. झालं! आधी त्या आसनाला स्टूल म्हणायचे, मग त्यावर जाऊन बसण्याला, आणि शेवटी त्या भांड्यात जे पडेल त्यालाच. राजाच्या बुडाखालून निघालेला शब्द, बघ कुठे येऊन पोचला."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख असायचं. शाळेतला हुशार मुलगा वाया गेल्याचं कळावं तसं.

मी चिडवायचे. "मग चेअरवर खटला भरायचा का?"

"तिचा काय दोष? तिच्यातला बसण्याचा धातू आणि आपल्या ‘संसद’मधला ‘सद्’ एकच. आणि स्टूल म्हणजे आपलं स्था. स्थान, स्थळ, स्टूल. सगळी एका घरातली."

"म्हणजे खासदारांचं आणि खुर्चीचं नातं जुनंच म्हणा की."

"खुर्ची वेगळी गं! ती अरबी!" सर कळवळून म्हणायचे, आणि मग माझी जेवणाची सुट्टी खुर्चीत जायची.

जेवताना ते प्रत्येकाला विचारायचे, तुमच्या घरी कशावर बसतात. पाट, चौरंग, माची, बाजलं. डॉक्टरांनी सांगितलं, त्यांच्या आजीचा दिवस पींघोवर जायचा, म्हणजे घरातल्या झोक्यावर. सर इतके खूश झाले की भात तसाच राहिला. मी म्हटलं, "आमच्याकडे आई जमिनीवर बसते आणि आम्ही जागा मिळेल तिथे." सर म्हणाले, "जमीन हे सगळ्यात जुनं आसन." या माणसाला टोमणा लागायचाच नाही, हीच तर चीड यायची.

एक गोष्ट मात्र त्यांना खपायची नाही. प्रत्येक लॅबमध्ये एक विनोद फिरत असतो, की खेड्यातल्या आजीला स्टूल आणायला सांगितलं आणि ती लाकडी स्टूल घेऊन आली. औषध कंपनीच्या एका माणसानं तो आमच्याकडे सांगितला. सर स्टुलावरून उठले. "ती आजी तुम्ही पाहिली?" "नाही, पण—" "मीही पाहिलेली नाही. तीस वर्षं खेड्यातली मुलं शिकवली. त्यांच्या आज्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं." तो माणूस गोरामोरा झाला आणि सँपलच्या गोळ्या ठेवून पळाला. मी आत तोंडावर रुमाल धरून उभी. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, कारण मी बदलापूरजवळच्या सोनिवली गावची. माझी आई म्हणजे तशीच आजी व्हायच्या वयाची बाई.

याच संदर्भात सर एकदा म्हणाले होते, आणि ते मला फार पटलं होतं. "आपण तरी काय वेगळं केलं, पोरी? शौच म्हणजे शुद्धी. केवढा पवित्र शब्द! कुठे नेऊन ठेवला? परस म्हणजे घरामागची जागा, तर आपण ‘परसाकडे’ जातो. इंग्रज कशावर बसला ते सांगतो, आपण कुठे गेलो ते सांगतो. त्या वस्तूचं नाव कोणीच घेत नाही. लाजेनं माणसं मरतात, पण नाव घेत नाहीत."

शेवटचं वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून सोडलं.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी लॅबमध्ये टेक्निशियन. रक्त, लघवी, थुंकी आणि सरांचा तो खानदानी शब्द, सगळं माझ्याच टेबलावर यायचं. पण सोनिवलीला घरी हे कोणाला ठाऊक नव्हतं. घरी मी सांगितलं होतं, "ऑफिसात आहे, रिपोर्ट बनवते." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. माझी एक चुलत बहीण दवाखान्यात नर्स. तिचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण मुलाच्या आईनं म्हटलं, लोकांची घाण काढणारी पोरगी आमच्या चुलीला हात कशी लावणार. त्या दिवशी बाबा मला म्हणाले होते, "बरं झालं, तुझं कम्पुटरचं काम हाय." मी मान हलवली. एकदा हलवली की पुढे हलवतच राहावी लागते.

सरांनाही मी हे कधी सांगितलं नाही. रोज लोकांची लाज घालवणाऱ्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगणार, की मलाच लाज वाटते?

त्या वर्षी आई खचत चालली. आमची थोडी जमीन बिल्डिंगांच्या मधे शिल्लक आहे. पावसाळ्यात भात, नंतर मेथी, मुळा, चवळी. आई भाजी काढायची आणि नव्या बिल्डिंगांच्या गेटवर नेऊन विकायची. आता ती चार पावलं चालली की भिंत धरून उभी राहायची. नखं पांढरी, ओठ पांढरे. बदलापूरच्या डॉक्टरांनी रक्त बघितलं तर हिमोग्लोबिन सहा. रक्त चढवलं, दोन महिन्यांत पुन्हा उतरलं. डॉक्टर म्हणाले, "रक्त जातंय कुठे ते शोधायला हवं. असंच चाललं तर हृदयावर ताण येईल." आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

चिठ्ठीवर काय होतं ते मी सांगायला नको. आईनं ती तांदळाच्या डब्याखाली ठेवली आणि विसरली. म्हणजे विसरल्यासारखं केलं. रक्त कशाकशामुळे जातं याची यादी मला पाठ होती. यादीतली शेवटची दोन-तीन नावं कॅन्सरची, तिथवर आले की मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे.

"आई, तेवढी तपासणी करून घे ना गं."

"असलं कोनाच्या हातात देयाचं गो?" आई म्हणाली. "ते बघणारा पन कोनाच्या तरी पोटचाच आसल ना? आपल्यामुळं त्याच्या घशाखाली घास जायाचा नाय. मना नाय जमायचं. त्यापरीस मेलेलं बरं."

मी समोर बसलेली. तो घास घशाखाली न जाणारा माणूस मीच होते आणि मी तिच्याच हातची भाकरी खात होते. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले.

लॅबमध्ये माझं तोंड बघून सरांनी विचारलं. मी अर्धंच सांगितलं, आई तपासणी करत नाही एवढंच. सर म्हणाले, "मी येऊन बोलतो." मी म्हटलं, "अजिबात नको." सर बरं म्हणाले. आणि रविवारी दुपारी रिक्षातून उतरले, एका हातात पेरू, दुसऱ्या हातात ती रेक्झिनची पिशवी!

बाबांनी प्लास्टिकची खुर्ची पुढे केली, सर ओट्याच्या कडेला टेकले. आई उंबऱ्याशी, पदर सावरून. सरांनी पेरू ठेवले, शेजारी एक कोरी डबी ठेवली आणि राजापासून सुरुवात केली. आईनं निम्म्यापर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर," ती म्हणाली, "तो राजा पन बसतच आसल ना त्याच्यावर? मग त्यात लाजायचं काय, आन कवतिक तरी कसलं?"

सर गप्प झाले. चार वर्षांत त्यांना मधेच गप्प झालेलं मी पहिल्यांदा बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं कौतुक, की आता हे आईच्या पाया पडतात की काय.

"मना लाज नाय वाटत," आई पुढे म्हणाली. "मना त्या बघणाऱ्याची दया येते."

सरांनी चष्मा काढला. मग ते जे बोलले ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात नव्हतं. "ताई, माझ्या बायकोचं वर्षभर रक्त जात होतं. तिनं मला सांगितलं नाही. मी रोज संध्याकाळी शब्दकोश उघडून बसायचो आणि ती समोर भाजी निवडायची. तिला सांगता आलं नाही, मला विचारता आलं नाही. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं." ते आईकडे वळले. "त्या बघणाऱ्याची दया करू नका हो. तुमची लेकच रोज बघते की ते. किती मन लावून बघते! हिच्यासारखी पोरगी तेव्हा माझ्या घरात असती, तर माझी बायको आज असती."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे.

"काय बघतेस तू रोज?" त्यांनी विचारलं.

आई उठली आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. सरांचा चेहरा हळूहळू उतरला. "यांना... माहीत नव्हतं?"

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले आणि तिथे जे बोलले ते आठवलं की आजही माझी मला लाज वाटते. "तुम्हाला कोणी बोलावलं होतं हो? शब्द सोडून दुसरं काही कळतं का तुम्हाला? स्वतःच्या बायकोचं कळलं नाही, आता माझ्या घराची वाट लावायला आलात?" सर रिक्षात बसले आणि पिशवी मांडीवर घेतली.

त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आणि सरांनी भाषण बंद केलं. माणूस यायचा, चिठ्ठी उलटी ठेवायचा, सर डबी काढून द्यायचे, संपलं. रांग भराभर पुढे सरकायला लागली. डॉक्टर खूश. मला ती शांतता खायला उठायची, पण मी हट्टी. आधी ते बोलतील तर बोलेन, असं धरून बसले होते. खरं तर बोलायला मीच हवं होतं.

घरी त्याहून वाईट. बाबा पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं घ्यायला लागले. आई नेहमीसारखी वागायची, फक्त त्या विषयावर अवाक्षर नाही. पण बुधवारी मी डबा उघडला तर भाकरी, भाजी आणि वर एक चमचा. आमच्या घरात चमचा साखरेच्या डब्याबाहेर निघत नाही. भाकरीबरोबर चमचा! मी समजले काय समजायचं ते. माझे हात आता तिलाही नकोसे झालेत. डबा तसाच बंद केला आणि बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चमचा. तिसऱ्या दिवशीही.

सोमवारी सकाळी काउंटरवरून हाक आली. आठ दिवसांतली सरांची पहिली हाक. "पोरी, बाहेर ये जरा."

आई उभी होती. सोनिवलीहून एकटी, धापा टाकत, चेहऱ्यावर घाम. हातातल्या पिशवीत मेथीच्या जुड्या. सर स्टुलावरून उठून उभे होते. मी पुढे झाले तशी आईनं मेथीखालून डबी काढली. सरांनी ओट्यावर ठेवली होती तीच. सगळ्या रांगेसमोर तिनं ती माझ्या हातावर ठेवली.

"दुसऱ्या कोनाला देऊ नको," ती म्हणाली. "तू ल्हान व्हतीस तवा तुझा मीच काढला ना? आता माझा तू बग."

माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. "मग चमचा कशाला देतेस गं डब्यात?"

"बोटं बघ तुझी! साबनानं पार फाटलीत. मी म्हनायची, कम्पुटरनं बोटं कशी फाटतात गो हिची? आता कळलं. तिखट झोंबत आसल म्हनून दिला." आणि मग जरा घुश्शात, "खाल्लं नायस ना? डबा तसाच यायचा."

तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि मी आत गेले. हजारदा केलेलं काम, पण आधी काच दोनदा पुसली. पहिली स्लाइड लावली. लंबगोल, पातळ कवचाची, आत चार चिमुकल्या पेशी. एक दिसलं, दोन दिसली, मग सगळीकडेच. हुकवर्मची अंडी. दुसरी स्लाइड लावली, तिसरी लावली. तेच. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पीत बसतात आणि अंगात शिरतात ते उघड्या तळपायातून. आमच्याकडे शेतात चप्पल घालून जात नाहीत. जमीन म्हणजे आई, तिच्या अंगावर चप्पल ठेवायची नाही. माझी आई तर बांधावरच चपला काढून पाया पडून आत जायची. तिच्या भक्तीच्या वाटेनंच ते आत गेले होते.

माझ्या यादीतली ती शेवटची नावं नव्हती. मी टेबलावर डोकं ठेवलं आणि रडता रडता हसायला लागले. दारात सर उभे होते.

"काय निघालं?"

"बघा," मी म्हटलं आणि बाजूला झाले. त्या शब्दावर इतकी वर्षं बोललेल्या माणसानं मायक्रोस्कोपमध्ये कधी डोळा लावला नव्हता. त्यांनी चष्मा वर केला, वाकले, आणि बराच वेळ बघत राहिले.

"एवढंच?"

"एवढंच. जंत आहेत, सर."

"बरं होतं हे?"

"गोळ्यांनी. मग रक्त वाढायला लोह. आणि पायात काहीतरी घालायला लागेल."

सर माझ्या खुर्चीत बसले, पाठ टेकून. खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर धरला. बाहेर रांगेला पुरतं कळत होतं की आत कोणीतरी रडतंय. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

"खोटं नाही बोललीस," ते म्हणाले. "फक्त रिक्षावाला ऐकत होता, तेवढं टाळता आलं असतं."

आई बरी झाली. एकदम नाही, पण सहा-सात महिन्यांत ओठांना रंग आला. आता ती गमबूट घालून शेतात जाते. बांधावर आधी जमिनीची माफी मागते, मग पाय टाकते. बाबाही हळूहळू निवळले. फक्त पाहुण्यांसमोर त्यांचं जुनं पालुपद चालूच राहिलं.

आणि मग वांगणीकडचे लोक मला बघायला आले. मुलगा, त्याचे आईवडील, एक मामा. माणसं बरी वाटली. मलाही मुलगा आवडला होता, खोटं कशाला सांगू. मुलाच्या आईनं विचारलं, "पोरगी काय करते?" बाबा खाकरले. "हापिसात हाय. रिपोर्टचं काम, कम्पुटरवर—"

आई चहाचा ट्रे घेऊन आतून येत होती. ती थांबली नाही, बाबांकडे बघितलंही नाही. एकेक कप पुढे करत म्हणाली, "लोकांचा गू तपासते. माझा पन तपासला. म्हनून आज चहा घेऊन तुमच्यापुढं उभी हाय." मग शेवटचा कप मुलाच्या आईच्या हातात देऊन तिनं विचारलं, "साखर बरी हाय ना?"

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या सरांनी विचारलं, "जमलं?"

"मोडलं. संध्याकाळीच फोन आला त्यांचा."

सरांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, हे पुन्हा त्यांच्याचमुळे. समोर रांग होती. एक मुलगी चिठ्ठी उलटी धरून उभी होती. मी तिथेच, काउंटरला टेकून, आई काय म्हणाली ते त्यांना सांगितलं. सरांनी पेन खाली ठेवलं.

"हाच शब्द?"

"हाच."

"सगळ्यांसमोर? मुलाच्या मामासमोर?"

"आणि साखर बरी आहे का, तेही विचारलं."

सर मग म्हणाले, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आणखी एकदा."

तिसऱ्यांदा सांगताना मी आवाज चढवला, म्हणजे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं असेल.